तुळयांनी मोजलेलं शहर

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला असलेल्या न्यू मेक्सिकोत स्पॅनिश काळातली मृत्युपत्रं मोठ्या संख्येने जपून ठेवलेली आहेत. त्यांत घराची वाटणी खोलीच्या लांबी-रुंदीने केलेली सहसा दिसत नाही. एका वारसाला अमुक तुळयांची खोली, दुसऱ्याला तमुक तुळयांची, कुणाला अंगणातल्या फळझाडांत वाटा, कुणाला दारातून ये-जा करण्याचा हक्क, अशी ती वाटणी असते. कारण साधं आहे. डोंगरातून बैलगाडीवर आणता येईल एवढाच लांब ओंडका मिळायचा, म्हणून सगळ्या खोल्यांची रुंदी जवळपास सारखीच असायची. किती तुळया टाकल्या हे मोजलं की खोली किती लांब आहे ते आपोआप कळायचं. आपल्याकडे जुन्या वाड्यांत ‘दोन खणांचं घर’, ‘पाच खणी सोपा’ असं मोजायचे, त्यामागचा हिशेब नेमका हाच होता.

असं तुळयांनी मोजलं गेलेलं शहर म्हणजे सांता फे. न्यू मेक्सिको राज्याची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ७ हजार फुटांवर, सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या पायथ्याशी वसली आहे. स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे पेराल्ता याने १६१० च्या सुमारास ती वसवली. आज अमेरिकेतल्या सर्व राज्यांच्या राजधान्यांमध्ये ती सगळ्यांत जुनी आहे. त्याआधीही ही जागा रिकामी नव्हती. तेवा भाषा बोलणाऱ्या पुएब्लो लोकांची वस्ती इथे होऊन गेली होती, आणि त्या भाषेत या जागेला आजही ओगा पोगे म्हणतात. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८७,५०५ होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण एवढ्याशा शहरात घर कुणाचं, जमीन कुणाची आणि शहराचं रूप ठरवायचा हक्क कुणाचा, हे प्रश्न चारशे वर्षं सतत उकळत राहिले आहेत.

सुरुवात घरापासूनच करू. इथलं जुनं घर कच्च्या विटांचं, म्हणजे आपल्या भेंड्यांचं. चिकणमाती, वाळू, थोडा गव्हाचा भुसा आणि पाणी कालवून लाकडी साच्यात घालायचं, उन्हात उलटंपालटं करून वाळवायचं. एक भेंडा साधारण १४ इंच लांब, १० इंच रुंद आणि ४ इंच जाड असतो. वजन पंधरा किलोच्या आसपास. पुएब्लो लोक स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून मातीचीच घरं बांधत होते, पण ते ओल्या मातीचे थर हाताने एकावर एक चढवत. साच्यातली वीट स्पॅनिश लोकांनी आणली. त्यांनी ती उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम कारागिरांकडून उचलली होती. भिंतींवर आडव्या तुळया टाकायच्या, त्यांना इथे विगा म्हणतात. तुळयांवर बारीक काठ्यांचा दाट थर, लातिया. त्यावर मातीचा जाड थर, म्हणजेच सपाट धाबं. मराठवाड्यात ज्याने माळवदाचं घर पाहिलंय, त्याला सांता फेचं छत ओळखायला वेळ लागणार नाही. पाऊस कमी असेल आणि लाकूड मोजकंच मिळत असेल तर सपाट मातीचं छप्पर हेच शहाणपणाचं उत्तर असतं. सांता फेत वर्षाला जेमतेम ३५ सेंटीमीटर पाऊस पडतो.

मातीच्या भिंती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असतात, हे सगळे सांगतात, पण ते का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. माती उष्णता अडवत नाही, साठवते. दीड-दोन फूट जाडीची भिंत दिवसभर ऊन पिते, आणि ती ऊब आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते. वाळवंटी उंचीवर दिवस तापतात आणि रात्री गारठतात, तिथे ही चाल उत्तम जमते. पण सांता फेत जानेवारीत आठवडेच्या आठवडे तापमान रात्री शून्याखाली जातं, तेव्हा नुसती जाड भिंत पुरत नाही. म्हणून जुन्या घरांत प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात अर्धगोल मातीची चूल असते. तिच्यात पिन्यॉन पाइनची लाकडं उभी करून जाळतात. हिवाळ्यात साऱ्या शहरावर त्या लाकडाचा गोडसर वास रेंगाळतो, आणि सांता फेची माणसं दूर गेली की या वासाची सगळ्यांत जास्त आठवण काढतात.

माती पाण्याला भिते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वळवासारखे ढग फुटतात, तेव्हा छतावरचं पाणी लांबलचक पन्हळींतून भिंतीपासून दूर फेकावं लागतं. पन्हळ तुंबली तर भिंत वरून खाली वाहून जाते. बर्फ वितळून भिंतीच्या पायथ्याशी साचलं आणि रात्री पुन्हा गोठलं, तर पायथा कुरतडला जातो. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी घर लिंपावं लागतं. हे काम परंपरेने बायकांचं होतं. पुरुष भेंडे पाडत आणि भिंती उभारत, बायका गिलावा करत, चुली घडवत, कोनाडे आणि कट्टे गुळगुळीत करत. अशा कारागीर स्त्रियांना एन्हार्रादोरा म्हणतात. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ हिने १९४५ साली सांता फेच्या उत्तरेला अबिक्यू गावात एक पडकं मातीचं घर विकत घेतलं, तेव्हा त्याच्या भिंती गावातल्या बायकांनी हातांनी लिंपल्या. ओ'कीफच्या चित्रांतून ते घर जगाला माहीत झालं. ज्यांच्या तळव्यांनी त्या भिंतींना आकार दिला त्यांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत, आणि ही गोष्ट मला खटकते.

विसाव्या शतकात लोकांनी हा दरवर्षीचा त्रास टाळायचा सोपा मार्ग काढला: सिमेंटचा गिलावा. दिसायला टणक आणि कायमचा. घोटाळा असा की सिमेंटला बारीक चिरा जातातच. पाणी त्यांतून आत शिरतं आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. आतली माती हळूहळू पुन्हा चिखल होते. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि आतून बसत जाते. उत्तरेला ताओसजवळ रांचोस दे ताओस इथलं सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्च हे याचं गाजलेलं उदाहरण. १९६७ साली त्याला सिमेंटचा थर दिला गेला. काही वर्षांतच भिंती आतून ओल धरू लागल्या. १९७९ मध्ये गावाने तो थर काढून टाकला आणि पुन्हा माती लावली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावकरी एकत्र येऊन चर्च लिंपतात. कुणी माती चाळतं, कुणी भुसा मिसळतं, पोरं बादल्या वाहतात. सांता फेत आज जुनं घर विकत घेणाऱ्याला जाणकार पहिला सल्ला देतात तो हाच: रंग आणि सजावट नंतर बघा, आधी पन्हळी, छताची कड आणि भिंतीचा तळ तपासा.

आता शहराच्या रूपाची गोष्ट. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि मिसूरीकडून मालाचे तांडे घेऊन येणारा सांता फे मार्ग खुला झाला. १८४६ मध्ये जनरल स्टीफन कर्नी याच्या अमेरिकी फौजेने शहर घेतलं. १८८० मध्ये रेल्वे आली, पण मुख्य मार्ग डोंगराळ सांता फेला वळसा घालून गेला. शहराच्या वाट्याला लामी स्थानकापासूनचा छोटा फाटा तेवढा आला. व्यापार आल्बुकर्कला गेला आणि १८८० ते १९१० या तीस वर्षांत सांता फेची लोकसंख्या साडेसहा हजारांवरून सुमारे पाच हजारांवर उतरली. जे उरले होते ते लाल विटांची, उतरत्या पत्र्याची, पूर्वेकडच्या शहरांसारखी घरं बांधून आपण आधुनिक आहोत हे दाखवायला धडपडत होते. मातीचं घर मागासलेपणाची खूण मानलं जाई.

उलटा वारा १९१२ मध्ये वाहू लागला. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी शहराने नियोजनाचा आराखडा केला. उद्योग नाही, रेल्वेचा मुख्य मार्ग नाही, मग पाहुण्यांना बोलवायचं तर आपलं वेगळेपणच दाखवावं लागेल, हा विचार त्यामागे होता. पुरातत्त्वज्ञ सिल्व्हेनस मोर्ली यांच्यासारख्यांनी पुएब्लो वस्त्या आणि जुन्या मिशन चर्चच्या आकारांवरून एक ‘सांता फे शैली’ मांडली. १९१७ मध्ये कला संग्रहालयाची इमारत त्या शैलीत उभी राहिली. पुढे क्षयरोगावर उपचार घ्यायला आलेला तरुण वास्तुरचनाकार जॉन गॉ मीम इथेच राहिला आणि त्याने या शैलीला तिचं आजचं रूप दिलं. १९५७ मध्ये ऐतिहासिक भागासाठी कायदाच झाला. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीचा रंग मातकटच हवा. कोपऱ्यापासून तीन फुटांच्या आत दार-खिडकी नको. मोठ्या एकसंध काचांना मनाई. उंचीवर मर्यादा. घराचा दर्शनी भाग बदलायचा तर शहराच्या मंडळासमोर परवानगी मागायला उभं राहावं लागतं.

या कायद्याबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तो नसता तर सांता फेचा मधला भाग कधीच काचेच्या इमारतींनी आणि वाहनतळांनी गिळला असता. आणि तो फक्त दिसण्याचा कायदा आहे. भिंत आतून लाकडी चौकटीची असली आणि वर मातकट रंगाचा सिमेंट गिलावा असला तरी चालतं. शहरातली बहुतेक नवी घरं तशीच आहेत. खऱ्या भेंड्यांचं काम मजुरीचं, आणि अमेरिकेत मजुरी महाग. म्हणजे जे घर एकेकाळी गरिबांना फुकटच्या मातीतून आणि शेजाऱ्यांच्या हातांनी उभारता येत होतं, ते आता श्रीमंतांनाच परवडतं.

घरांखालच्या जमिनीची गोष्ट आणखी कडवट आहे. स्पेन आणि नंतर मेक्सिकोने वस्तीला जमीन देताना प्रत्येक कुटुंबाला घराची जागा आणि पाण्याकाठची अरुंद लांब पट्टी द्यायची, आणि भोवतालचा माळ, जंगल, कुरण सगळ्यांच्या सामाईक वापराला ठेवायचं, अशी रीत होती. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहात अमेरिकेने इथल्या रहिवाशांची मालमत्ता राखण्याचं वचन दिलं. प्रत्यक्षात सामाईक जमीन कुणाचीच नाही, म्हणून ती सरकारची, असा अर्थ लावला गेला. १८९७ च्या सँडोव्हाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सान मिगेल देल वादो या वस्तीने ३ लाख एकरांहून जास्त जमिनीवर हक्क सांगितला होता. तिच्याकडे घरांची आणि मळ्यांची मिळून सुमारे ५ हजार एकर जमीन उरली. सरपणाला जंगल नाही, मेंढ्यांना कुरण नाही, अशा गावातलं घर कागदावर कितीही पक्कं असलं तरी त्यात राहून पोट भरणं अवघड होतं. न्यू मेक्सिकोतल्या जुन्या कुटुंबांना आजही ही जखम ताजी वाटते. आणि त्याच्याही आधी ही जमीन पुएब्लो लोकांकडून घेतलेली होती, हे विसरून चालत नाही. १६८० मध्ये पो'पे याच्या नेतृत्वाखाली पुएब्लो गावांनी एकाच वेळी उठाव करून स्पॅनिशांना थेट एल पासोपर्यंत हाकललं आणि बारा वर्षं सांता फेच्या गव्हर्नरवाड्यात स्वतः राहिले. स्पॅनिशांच्या परतण्याचा उत्सव शहर १७१२ पासून साजरा करतं. त्यातला स्पॅनिश सरदाराच्या प्रवेशाचा देखावा पुएब्लो लोकांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये बंद झाला. गव्हर्नरवाड्याच्या लांब ओसरीत मात्र आजही रोज सकाळी पुएब्लो आणि नावाहो कारागीर चादरी अंथरून चांदी-फिरोज्याचे दागिने आणि मडकी मांडतात. तिथे बसायचं तर वस्तू स्वतः किंवा आपल्या घरच्यांनी केलेलीच हवी, असा कडक नियम आहे.

स्पॅनिश कायद्याचा एक चांगला वारसा मात्र टिकला. इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. स्पॅनिश कायद्यात बाई स्वतःच्या नावावर घर ठेवू शके, विकू शके, मृत्युपत्र करू शके, आणि मुलींना मुलांबरोबर वाटा मिळे. न्यू मेक्सिको आजही लग्नानंतरची कमाई नवरा-बायको दोघांची मानणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी एक आहे. घर एकाच्या नावावर असलं तरी विक्रीच्या दस्तावर दोघांच्या सह्या घेतात.

पिढ्यान्‌पिढ्या तुळया मोजून वाटण्या झाल्यामुळे शहराच्या पूर्व भागात घरांची एक वेगळीच गुंतागुंत तयार झाली. मधल्या चौकाभोवती तीन-चार कुटुंबांची घरं, सामाईक भिंती, एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या दारी जाणारी वहिवाट. अशा वाड्यांना आता कंपाउंड म्हणतात आणि ते लाखो डॉलरला विकले जातात. त्यांच्या शेजारून अजूनही आसेकिया, म्हणजे पाट वाहतात. त्यांतला आसेकिया माद्रे, थोरला पाट, शहराच्या स्थापनेच्या काळातला आहे आणि त्याच्या काठच्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. पाटाचे हक्कदार दर वर्षी आपला पाटकरी, मायोर्दोमो, निवडतात, वसंतात एकत्र येऊन गाळ काढतात आणि पाळीने पाणी घेतात. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो. म्हणून शहर वाढत गेलं तसा पाण्याला भाव चढला. २००२ च्या दुष्काळानंतर नवीन घर बांधणाऱ्याला शहरातल्या जुन्या घरांतली जास्त पाणी खाणारी संडासाची भांडी बदलून द्यावी लागत, तेव्हा कुठे पाण्याची परवानगी मिळे. हा नियम मला फार समंजस वाटतो.

या घरांत राहणाऱ्यांचं वर्ष मिरचीभोवती फिरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानांबाहेर जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरू लागतात आणि त्यांत हिरव्या मिरच्या भाजल्या जातात. लोक पोतीच्या पोती भाजून घेतात, सोलून वर्षभरासाठी गोठवून ठेवतात. उरलेल्या पिकून लाल झाल्या की त्यांच्या माळा, रिस्त्रा, ओसरीला टांगतात. जेवणात लाल हवी की हिरवी, हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, आणि दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटावं, कारण आपली मिरची याच झाडाची लेक: मेक्सिकोतून युरोपात आणि तिथून पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरलेली. सप्टेंबरच्या तोंडावर झोझोब्रा जाळतात. चित्रकार विल शुस्टर याने १९२४ मध्ये सुरू केलेली ही प्रथा. सुमारे पन्नास फुटी, कण्हणारा पुतळा म्हणजे वर्षाचं सारं दुःख. लोक आपल्या घटस्फोटाची कागदपत्रं, फेडलेल्या कर्जाचे कागद, मनातलं लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्या पोटात भरतात आणि हजारोंच्या गर्दीत तो पेटतो. नाताळच्या आदल्या रात्री शहराच्या पूर्व भागातल्या कॅन्यन रोडवर छतांच्या कडेला आणि भिंतींवर कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावतात, त्यांना सांता फेत फारोलितो म्हणतात. लोक गाणी म्हणत, रस्त्यावरच्या छोट्या शेकोट्यांपाशी थांबत चालतात.

तोच कॅन्यन रोड नीट पाहिला तर शहराचं दुखणं दिसतं. हा पाटाकाठच्या मळ्यांचा, शेतकरी कुटुंबांचा रस्ता. १९२० च्या दशकात स्वस्त घरं शोधत चित्रकार इथे आले आणि स्वतःच्या हातांनी मातीची घरं बांधून राहिले. १९६२ मध्ये शहराने या रस्त्यावर राहतं घर आणि कलेची विक्री एकत्र करायला परवानगी दिली. आज तिथे गॅलरीला गॅलरी लागून आहे, आणि मूळ कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. कुणी त्यांना हाकललं नाही. शेजारचं घर मोठ्या किमतीला विकलं गेलं, मग आपलंही. चार भावंडांत वाटलेल्या घरात एकाने राहायचं तर बाकीच्या तिघांना बाजारभावाने पैसे द्यावे लागतात, आणि शाळेतल्या शिक्षकाला किंवा नर्सला ते जमत नाही. २००१ पासून न्यू मेक्सिकोत राहत्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे जुन्या मालकांना थोडा आसरा मिळाला. पण घर विकलं की मूल्य एकदम बाजारभावाला जातं, आणि नव्या मालकावर कर अचानक कोसळतो. तिथले लोक याला ‘टॅक्स लाइटनिंग’, कराची वीज, म्हणतात. तरुण जोडप्याला पहिलं घर घेताना तीच झळ बसते. त्यात सुट्टीसाठी दुसरं घर घेणारे आणि पर्यटकांना भाड्याने देणारे आहेतच. अलीकडे शहरातल्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत ५ लाख डॉलरच्या पुढे गेली आहे.

शहर हातावर हात धरून बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. नवी वसाहत बांधणाऱ्या विकासकाने ठरावीक हिस्सा घरं मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना कमी दरात द्यायची, असा नियम दोन दशकांपासून आहे. शहराच्या नैर्ऋत्येला तिएरा कोन्तेन्ता नावाची मोठी वसाहत याच हेतूने उभारली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने एक नवा कर मंजूर केला: दहा लाख डॉलरपेक्षा महाग घर विकलं गेलं तर त्या वरच्या रकमेवर ३ टक्के, खरेदी करणाऱ्याने भरायचे, आणि पैसा परवडणाऱ्या घरांच्या निधीत जायचा. घरविक्री दलालांची संघटना लगेच न्यायालयात गेली. या करामागचा न्याय मला पटतो. ज्या मातकट भिंतींमुळे त्या घराला दहा लाखांचा भाव आला, त्या भिंतींचं रूप शेकडो वर्षं लिंपून, निगा राखून, पुढे कायदे करून साऱ्या गावाने टिकवलं. त्या भावातला थोडा वाटा गावाकडे परत यायला हवा.

तिएरा कोन्तेन्ताची घरं भेंड्यांची नाहीत. लाकडी चौकट, वर गिलावा, लहानसं अंगण. पण पूर्व भागातून विकून निघालेली कुटुंबं, मेक्सिकोतून आलेले गवंडी आणि स्वयंपाकी, शाळा-दवाखान्यांत काम करणारी माणसं आज शहराच्या त्याच बाजूला राहतात. ऐतिहासिक भागातल्या भिंतींना पुन्हा माती लावायची वेळ येते तेव्हा कामाला येणारे हातही बहुतेक तिथूनच येतात.